लांकडी घाट

पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकलनें दापोडी सोडली, कीं पुढचें स्टेशन कासारवाडी. नांव वाडीचें खरें, पण वाडीपण आतां नांवापुरतेंच उरलें आहे. एका अंगास लोहमार्ग, दुसऱ्या अंगास मुंबईचा हमरस्ता, नाशिक फाट्याचा दुमजली पूल, आणि २०२२ च्या मार्चपासून खांबांवरून धांवणारी मेट्रो. वाफेचीं यंत्रें करणारा फोर्ब्स मार्शलचा कारखाना येथलाच. वाहनांच्या परीक्षा घेणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्थाही भोसरीच्या वाटेवर जवळच. येथला माणूस यंत्रास भीत नाहीं. पानावर बसल्यावरही त्याच्या तोंडीं बेअरिंग आणि ब्रेक असतात.

आमच्या घरीं तोच प्रकार आहे. आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत मोटारींच्या स्प्रिंगांची आंखणी करतो. वर्षभरापासून त्यास लांकडी रोलर कोस्टरचें वेड लागलें आहे; आणि तें नुसतें त्यांत बसण्याचें नव्हे, तो आंखण्याचें. नोकरी सोडावी, परदेशीं जाऊन ही विद्या शिकावी, असें त्याच्या मनांत आहे. वहिनींचा साफ नकार, दादा मौन धरून बसलेले. तेव्हां निवाड्यासाठीं प्रकरण आमच्याकडे आलें. "काका, नाहीं म्हणण्यापूर्वीं एकदां डोळ्यांनीं तरी पाहा," असें तो म्हणाला. लांकडी नाहीं तरी पोलादी पाहावा म्हणून एका रविवारीं त्याच्यासह आम्ही खोपोलीस निघालों.

चिंचवड मागें पडेपर्यंत त्यानें आम्हांस पहिला पाठ दिला. रोलर कोस्टर म्हणजे साखळीनें उंच चढवून सोडून दिलेली गाडी. एकदां सोडल्यावर बहुधा तिला ओढणारें कांहीं नसतें. उंचीवर मिळालेलें भांडवल तिनें शेवटपर्यंत पुरवून पुरवून खर्चावयाचें. १८८४ सालीं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यानें अशी गाडी सुरू केली, तेव्हां तिचा वेग तासीं सहा मैलांचा होता. पलीकडच्या टोंकास उतारू उतरत, नोकर गाडी ढकलून वर नेत, आणि मग परतीचा प्रवास! पुढें १९१९ सालीं जॉन मिलर यानें रुळास खालून धरणाऱ्या चाकाचें पेटंट घेतलें. गाडी रूळ सोडून उडण्याचें भय गेलें आणि लांकडी डोंगर धीट झाले. कोनी आयलंडवरच १९२७ सालीं उभारलेला 'सायक्लोन' अद्याप चालतो.

लांकडी म्हणजे काय, हेंही येथें सांगितलें पाहिजे. सांगाडा बहुधा लांकडाचा. रूळ म्हणजे एकावर एक बसविलेल्या फळ्या, आणि अगदीं वर पोलादाची पातळ पट्टी. गाडी गेली कीं सारा सांगाडा किंचित् दबतो, करकरतो आणि पुन्हां उभा राहतो. "तो हालतो म्हणूनच टिकतो, काका. स्प्रिंगचेंच काम आहे हें," असें म्हणतांना त्याचा चेहरा खुलला होता.

नव्या आंखण्या मात्र फार पुढें गेल्या आहेत. दक्षिण कोरियांतील एव्हरलँड येथें २००८ सालीं उभा राहिलेला 'टी एक्सप्रेस' ५६ मीटर उंच. त्याचा उतार ७७ अंशांचा, म्हणजे जवळजवळ भिंतच. त्याच्या फळ्या कारखान्यांत यंत्रानें अचूक कापून आणल्या आणि जागेवर नुसत्या जोडल्या. अमेरिकेंत मिसूरी संस्थानांतील 'आउटलॉ रन' हा २०१३ पासून उतारूंस लांकडी रुळावर चक्क उलटे करतो. हें ऐकून आम्हांसही कौतुक वाटलें. मात्र त्यांत वरच्या फळ्यांची जागा पोलादाच्या जाड पट्टीनें घेतली आहे. तेव्हां त्यास लांकडी म्हणावें काय, असा शौकिनांत वाद आहे. शिवलेलें नऊवारी हें लुगडें कीं झगा, हा आमच्या घरांतला वाद याच जातीचा, आणि तोही अजून मिटलेला नाहीं.

मळवली आली तेव्हां पुतण्यानें खिडकींतून डोंगराकडे बोट केलें. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास लांकडी कमानी आहेत, त्या सुमारें दोन हजार वर्षें तशाच आहेत. "आणि लोक म्हणतात लांकूड टिकत नाहीं!"

दृष्टांत सुंदर, पण आम्हांस तो पटला नाहीं. त्या कमानींवर भार कसलाच नाहीं. छत डोंगराचें, तें स्वतःच्या बळावर उभें आहे. शिवाय त्यांवर पाऊस पडत नाहीं. मुलाच्या लांकडास उघड्यावर भिजावयाचें आहे आणि मिनिटामिनिटास गाडीचा तडाखा सोसावयाचा आहे. आम्ही त्यास ओहायोमधील 'सन ऑफ बीस्ट'ची आठवण दिली. २१८ फूट उंचीचा हा लांकडी अजस्र २००० सालीं उघडला. २००६ मध्यें एक तुळई तडकून रूळ खचला आणि २७ माणसें जखमी झालीं. २००९ पासून तो बंद पडला आणि २०१२ मध्यें पाडला गेला. जर्मनींतील 'कोलोसॉस' २००१ सालचा. त्याचाही रूळ कारखान्यांतच कापलेला, तरी २०१६ मध्यें तो बंद करावा लागला आणि नवा रूळ घालून २०१९ मध्यें पुन्हां सुरू झाला. जपानच्या 'व्हाइट सायक्लोन'वर तर अखेर पोलादी रूळच चढला. पुतण्यास हें सारें ठाऊक होतें. तो गप्प राहिला, पण खट्टू झाला नाहीं. हें आम्हांस बरें वाटलें.

लोणावळ्यास उतरून मोटारीनें बोरघाट उतरलों. १८६३ सालीं येथें रेल्वे सुरू झाली, तेव्हां एका ठिकाणीं गाडी थांबवून एंजिन दुसऱ्या टोंकास जोडीत आणि उलट्या दिशेनें पुढचा चढ चढवीत. थॉम्प्सनच्या खेळण्याच्या एकवीस वर्षें आधींची ही गोष्ट! आम्हांस त्याहून अधिक आवडते ती उतरत्या गाडीची व्यवस्था. तिच्यासाठीं मध्यें मध्यें चढाच्या आडवाटा काढल्या आहेत, आणि सांधा मुळांत त्या आडवाटेकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ताबा आहे असें दिसलें, कीं मगच पुढची वाट मोकळी होते. घाट बांधणारांनीं गाडीवर विश्वास टाकला नाहीं, म्हणून आपण निर्धास्त बसतों.

खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका हें उद्यान २०१३ सालचें. तेथील 'नायट्रो' सुमारें १३० फूट उंच, पायांखालीं तळ नाहीं, आणि पांच वेळां उलटें करणारा. चष्मा पुतण्याच्या हवालीं करून आम्ही बसलों. वर्णन काय करावें? पोटांतलें सारें कंठाशीं आलें, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हां गाडी थांबलीही होती. हाडांस एक हिसका बसला नाहीं. मागाहून पुतण्या बसून आला आणि म्हणाला, "फार गुळगुळीत आहे." तक्रारीच्याच सुरांत.

मग खांबांखालीं उभें राहून आम्ही त्यास आमचा खरा प्रश्न विचारला. तुझा लांकडी डोंगर या सह्याद्रीच्या पायथ्याशीं उभा राहिला असें समज. चार महिने पाऊस, पुढें आठ महिने ऊन. लांकूड फुगणार, आटणार, बोल्ट सैल होणार, वाळवी चढणार. अमेरिकेंत रोज सकाळीं सुतार हातोडी-पाना घेऊन सारा रूळ पायीं चालतात, असें तूंच सांगितलेंस. येथें श्रावणाच्या सरींत, निसरड्या फळीवरून, शंभर फुटांवर रोज कोण चालेल? आणि अमुक फळी बदलेपर्यंत गाडी सोडूं नका असें त्यानें म्हटलें, तर रविवारची तिकिटें विकणारा मालक तें ऐकेल काय?

तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "आंखणीच्या खोलींत शिरण्यापूर्वीं वर्षभर त्या सुताराबरोबर चालेन, काका. तेथें पाऊस, बर्फ, सारें असतें. आईला एवढें सांगाल?"

त्याच रात्रीं आम्ही वहिनींस हें सांगितलें. त्यांनीं होकार दिला नाहीं. मात्र बर्फांत चालावयाचे बूट कोठें मिळतात, तें विचारलें.