पश्चात्तापाचे दप्तर

'नातेसंबंध आणि भावनिक प्रगल्भता' या विषयावर आठशे शब्दांत, सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत आणि अखेरीस पाच उपयुक्त सूत्रांसह लेख द्यावा, असे संपादकांचे पत्र आषाढात आले, तेव्हा मी होकार कळवला खरा. परंतु तीस वर्षे मानसोपचाराच्या व्यवसायात घालवूनही जे वाचून कोणाचे भावाशी, सुनेशी अथवा स्वतःशी चाललेले भांडण मिटावे असे एकही सूत्र माझ्यापाशी नाही, हे कळवायचे राहून गेले. तेव्हा सूत्रांऐवजी एक प्रकरण सांगते. वर्ष झाले, ते मनातून जात नाही. आणि त्यात जी चूक झाली ती माझी.

आधी एक गाऱ्हाणे. सांगलीत माझ्याकडे येणारे बहुतेक लोक मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञांना आहे, मला नाही. एवढे सांगितले की समोरचा चेहरा उतरतो. म्हणजे नुसते बोलायचे? आणि त्याचे पैसे? अलीकडच्या तरुण मंडळींची तऱ्हा निराळी. त्यांना 'क्लोजर' हवे असते, तेही तीन भेटींत. जणू नाते म्हणजे बँकेतले खाते, आणि मी ते बंद करून देणारी कारकून.

ते गृहस्थ मात्र खरेच कारकून होते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, वय ७१. थोरले बंधू फाल्गुनात वारले, तेव्हापासून जेवताना मध्येच हात थांबवून ताटाकडे पाहत बसतात, म्हणून सूनबाई त्यांना घेऊन आल्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. छापण्यास त्यांची संमती आहे; अट एकच घातली, ती पुढे सांगते.) पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून फूलस्केपचे चार कागद काढले. आपल्या पश्चात्तापाची त्यांनी रीतसर कैफियत लिहून आणली होती. अकरा कलमांची, डाव्या अंगाला समास सोडून. मजकूर असा, की २६ वर्षांपूर्वी वाटणी झाली, जमीन निम्मी-निम्मी झाली, परंतु त्या दुष्काळी मुलखात जिच्यावाचून जमिनीला मोल नाही ती विहीर थोरल्याच्या हिश्श्याला गेली, शब्दाने शब्द वाढला, आणि त्या दिवसापासून यांनी गावाची वाट सोडली व आपला हिस्सा पडीक टाकला. नववे कलम होते : 'एकदा गावच्या स्टँडावर उतरलो. घर दिसत होते. त्याच एसटीने माघारी आलो.' आणि अकरावे : 'दादा शेवटपर्यंत वाट पाहत असणार.'

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. मी ज्या पद्धतीने काम करते ती अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. घटना माणसाला अस्वस्थ करीत नाही, घटनेविषयीची त्याची समजूत करते, हे तिचे बीज. ते एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे, आणि एलिस ते ऋण मोकळेपणाने मान्य करीत. मग त्या समजुतीची उलटतपासणी घ्यायची : ती तर्काला धरून आहे काय, तिला पुरावा काय, आणि ती बाळगून पदरात काय पडते.

आता तो मुद्दा, ज्याला माझे समव्यवसायी कंटाळले आहेत. दुःखी माणसाच्या बोलण्यात दोन थर असतात. 'दादा वाट पाहत असणार' हे अनुमान. 'म्हणून मी माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही' हा स्वतःवर दिलेला निवाडा. नवशिका उपचारक अनुमानावर तुटून पडतो, कारण ते डळमळीत दिसते आणि पाडले की समोरच्याला लगेच हायसे वाटते. एलिस यांना हा उपाय हिणकस वाटे. त्यांचे म्हणणे, अनुमान खरे आहे असेच धरून चाला, वाईटात वाईट तेच घडले आहे असे माना, आणि मग निवाड्याला हात घाला. कारण अनुमान खोटे ठरवून मिळालेला दिलासा ते खरे निघाले त्या दिवशी कोसळतो. आमच्या पद्धतीला कोरडी म्हणणाऱ्यांना हा बारकावा ठाऊक नसतो, आणि सकारात्मक विचारांची पुस्तके विकणाऱ्यांना तर तो परवडणाराच नसतो. शिकाऊ मुलामुलींना मी तो वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे.

आणि त्या दुपारी, बाहेर दोन माणसे खोळंबलेली असताना, मी विचारले, "काका, दादा वाट पाहत होते, याला पुरावा काय?"

ज्याचा जन्म पुरावे तपासण्यात गेला त्याला मी हा प्रश्न विचारला. पुढच्या मंगळवारी पुरावा आला : कडा पिवळट पडलेला एक सरकारी लिफाफा, नुकताच, कात्रीने अगदी सरळ कापलेला. १८ वर्षांपूर्वी तो टपालाने आला, पत्नीने पोचपावतीवर सही केली, आणि दादाने आता नवा दावा लावला असेल, या रागात यांनी तो न फोडताच ट्रंकेत टाकला. माझ्या प्रश्नानंतर पुरावा हुडकायचा म्हणून ट्रंक उघडली. आत फेरफाराची नोटीस होती. दादांनी तलाठ्याकडे वर्दी दिली होती, की विहिरीत धाकट्या भावाचा निम्मा हिस्सा लावावा. कोणाची हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावी. हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. सातबाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यात अठरा वर्षे त्यांचे नाव होते, आणि ज्याने उभ्या तालुक्याचे उतारे चाळले त्याने आपला एकदाही काढून पाहिला नव्हता.

"नोटीस कलम १५०ची आहे, बाई," ते म्हणाले. "वर्दी १४९ची. लिहाल तेव्हा घोटाळा करू नका." हीच ती अट.

मी काय बोलणार? थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये असे मांडले, की केलेल्या चुका ताज्या असताना अधिक डाचतात, पण दीर्घ काळात माणसाला जास्त छळते ते न केलेले. केलेल्या कृत्याचा परिणाम ठरलेला असतो. न केलेल्याला मर्यादाच नसते, आणि तेव्हा ज्या कारणांनी पाय अडला ती कारणे पुढे आठवतही नाहीत. हे सारे मला पाठ होते. त्या खोलीत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आमच्या मराठीला चुकलेल्या गाडीची चुटपुट, परक्याच्या नुकसानीची हळहळ, मागे राहिलेल्या कामाची रुखरुख आणि जन्माची खंत यांतला भेद कळतो. लिफाफ्याकडे पाहणाऱ्या त्या चेहऱ्यासाठी मला यांतला एकही शब्द पुरा पडेना.

पुढे कित्येक आठवडे मी पुस्तकी वाट धरली : कृतीला दोष द्यावा, माणसाला नव्हे, पश्चात्ताप निरोगी, अपराधभाव रोगट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "लिफाफा मीच टाकला ना, बाई? मग कृतीचे दप्तर एकीकडे आणि माझे दुसरीकडे, असे कसे करता?" याला शास्त्रात उत्तर आहे, आणि मी ते दिलेही, पण देताना माझाच आवाज मला परका वाटला. त्या रात्री झोप आली नाही. अपराधभाव निरुपयोगी असतो, हे मी स्वतःला तीनदा समजावले.

मार्गशीर्षात ते एकटेच गावी गेले, वहिनींकडे जेवले, विहिरीवर बसून आले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी नोटिशीची छायाप्रत माझ्यापुढे ठेवली. खाली वळणदार अक्षरांत लिहिले होते : 'सदर नोंदीस माझी हरकत नाही.' सही, आणि त्या दिवसाची तारीख.

"मुदत केव्हाच गेली," मी म्हटले.

"दाखल करून घ्यायला तहसीलदार थोडाच लागतो? पोच द्या म्हणजे झाले."

माझ्याकडे आवक बारनिशी नाही. भेटींच्या वहीत मी तारीख टाकली, 'मिळाले' असे लिहिले, आणि तो कागद टाचून त्याखाली सही केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सही तपासली, वेळ लिहायची राहिली आहे, असे दाखवून दिले, आणि मी पाच वाजून दहा मिनिटे असे लिहीपर्यंत ते उभेच होते.