बगलेतली टीप

डाव्या अंगठ्याचा सांधा धरू लागला, तेव्हापासून सदऱ्याची बगल शिकाऊ पोरीकडे सोपवली आहे. कॉलर, काज, खिसा केव्हाच दिले होते. बगल देताना मात्र हात मागे येत होता.

कळंबच्या शेतकऱ्याचा सदरा आधी बगलेतच जातो. उसाची मोळी डोक्यावर चढवताना सगळा ताण तिथं येतो, घामानं दोरा कुजतो, आणि मुंढ्याची व बाजूची अशा दोन्ही शिवणी नेमक्या तिथंच एकमेकींना छेदतात. दोन्ही दुमडून बसवलेल्या, म्हणजे चार पदरांवर पुन्हा पदर. त्या गाठीवर मशीनचा फूट चढताना टाका बारीक होतो, उतरताना लांब पडतो. हा लांब टाकाच पुढं उसवतो. काही जण मजबुती म्हणून जाड पॉलिस्टर दोऱ्यानं बारीक टिपांवर टिपा मारतात. मग दोरा टिकतो आणि सुती कापड सुईच्या भोकांवरून फाटतं. उसवलेलं पुन्हा शिवता येतं, फाटलेल्याला ठिगळच. मी इंचाला 10-12 टाक्यांच्या वर जात नाही. आतली माया पायरीपायरीनं कापतो, गाठ ठोकून चपटी करतो, फुटामागं चिंधीची घडी सरकवतो, चाक हातानं फिरवतो. एवढं करूनही मुंढ्याची रेघ केसभर सरकते. तो केसभर मला अजून सोडत नाही.

हल्ली कडेला ओव्हरलॉक मारलं की शिवण झाली म्हणतात. ओव्हरलॉक कडेचे धागे निघू देत नाही; भार टीपच पेलते.

तेर इथून जवळ. तिथं गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, मडकी थापायच्या थापीनं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव शिंपी, म्हणून आमच्यातले पुष्कळ जण त्यांची बाजू घेतात. मी गोरोबाकाकांच्या बाजूचा. लग्नात कुणाच्या खांद्यावर हात ठेवला तरी माझी बोटं शिवण चाचपतात. माझ्या हातची निघाली की छाती फुगते. दुसऱ्याची आणि सरस निघाली, तर जेवण गोड लागत नाही.

पोरगी म्हणते, ‘‘काका, मी आधी कच्चा टाका घालून घेते.’’ मशीनवर बसणाऱ्याला कच्च्या टाक्याची गरज पडू नये, हा माझा जुना ताठा. तिची रेघ सरकत नाही. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सदरा घेताना आधी उलटा करा. बगल दोन्ही हातांनी ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर परत द्या, शिंपी मी असलो तरी.