बाबी यारची घळ आणि कीव्हची दप्तरे

युक्रेन देशाची राजधानी कीव्ह. द्नीपर नदीच्या उंच काठावर वसलेले, सोनेरी घुमटांचे आणि चेस्टनटच्या झाडांचे जुने शहर. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. महाराष्ट्रातील कितीतरी मुले-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या देशात गेली होती. खारकीव्ह, विनित्सा ही नावे त्यांच्या आईवडिलांच्या तोंडी बसली. त्याच दिवसांत, 1 मार्च 2022 रोजी, कीव्हच्या दूरदर्शन मनोऱ्यावर क्षेपणास्त्रे पडली आणि माणसे ठार झाली. हा मनोरा बाबी यारला लागूनच आहे, असे बातम्यांत सांगितले जात होते.

हे बाबी यार काय आहे? ‘बाबा’ म्हणजे तिकडच्या भाषेत म्हातारी, आजी. ‘यार’ म्हणजे खोल घळ. बाबी यार म्हणजे म्हातारीची घळ. युक्रेनी लोक तिला बाबिन यार म्हणतात.

आज कोणी तेथे गेला तर त्याला घळ सहजासहजी सापडणार नाही. भुयारी रेल्वेच्या दोरोहोझिची स्थानकातून वर आले की समोर बाग लागते. झाडे, बाके, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, कुत्र्याला फिरवायला आलेले म्हातारे. हे स्थानक 2000 साली सुरू झाले. बागेत ठिकठिकाणी स्मारके आहेत. घळ मात्र बरीचशी बुजविलेली आहे. ती कोणी बुजविली आणि का, हे समजून घ्यायचे तर बागेतून निघून दप्तरखान्यात जावे लागते. कारण या जागेची खरी हकीकत जमिनीवर थोडी आणि कागदावर जास्त उरली आहे.

दोन हजार भित्तिपत्रके

1939 च्या खानेसुमारीत कीव्हमध्ये सुमारे सव्वादोन लाख ज्यू राहत होते. जून 1941 मध्ये हिटलरच्या फौजा सोव्हिएत रशियात घुसल्या. धडधाकट पुरुष सैन्यात गेले, कारखान्यांबरोबर पुष्कळ कुटुंबे पूर्वेकडे हलविली गेली. मागे उरले ते बहुतांशी म्हातारे, आजारी, बायका आणि लेकरे. 19 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन फौजा कीव्हमध्ये शिरल्या. पाच दिवसांनी क्रेश्चातिक या शहरातील मुख्य रस्त्यावर मोठे स्फोट सुरू झाले. सोव्हिएत सैन्याने माघार घेताना सुरुंग पेरून ठेवले होते. जर्मनांनी त्याचा सूड ज्यूंवर काढायचे ठरविले. परंतु तो केवळ बहाणा होता. ज्यूंची कत्तल इतर गावांत त्याआधीच सुरू झाली होती. कामेनेत्स-पोदोल्स्की या गावी ऑगस्टच्या अखेरीस तीन दिवसांत 23,600 माणसे मारल्याचा जर्मन अहवाल आहे.

28 सप्टेंबरला कीव्हच्या भिंतींवर सुमारे दोन हजार भित्तिपत्रके लागली. रशियन, युक्रेनी आणि जर्मन अशा तीन भाषांत हुकूम होता. शहरातील व आसपासच्या सर्व ज्यूंनी सोमवार, 29 सप्टेंबर रोजी सकाळी आठपर्यंत मेल्निकोव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर, कबरस्तानाजवळ जमावे. कागदपत्रे, पैसे, मौल्यवान वस्तू आणि गरम कपडे बरोबर घ्यावेत. जो येणार नाही त्याला गोळी घातली जाईल. मालगाडीचे स्थानक जवळच होते. लोकांना वाटले, आपल्याला दुसऱ्या गावी नेत आहेत. गाडीत जागा मिळावी म्हणून काही जण पहाटेच घरातून निघाले.

वाचकहो, ‘गरम कपडे आणा’ हे शब्द नीट ध्यानात घ्या. ज्याला मारायचे आहे त्याला थंडीची काळजी दाखवायची, आणि मग घळीच्या तोंडाशी तेच कपडे उतरवून घ्यायचे! पुढे एका जर्मन अहवालात कीव्ह व झितोमिर येथील ज्यूंचे 137 ट्रक कपडे जर्मन लोककल्याण संस्थेच्या हवाली केल्याची नोंद आहे.

29 आणि 30 सप्टेंबर, अवघे दोन दिवस. माणसांना घळीच्या काठावर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. पाउल ब्लोबेल या अधिकाऱ्याची ‘सोंडरकमांडो 4अ’ ही तुकडी आणि जर्मन पोलीस पलटणी यांनी हे केले. बंदोबस्ताला स्थानिक युक्रेनी पोलीसही होते. 2 ऑक्टोबर 1941 रोजी बर्लिनमध्ये तयार झालेल्या 101 क्रमांकाच्या अहवालात आकडा आहे: 33,771. नाव एकाचेही नाही. कारकुनाने बेरीज लिहावी तसा आकडा लिहिला आणि खाली पुढच्या गावाची बातमी सुरू केली.

कागद मारतो, कागद तारतो

सोव्हिएत राज्यात 1932 पासून शहरी माणसांना अंतर्गत पासपोर्ट मिळत. त्यात ‘राष्ट्रीयत्व’ असा एक रकाना होता. ज्यू माणसाच्या रकान्यात ज्यू असे लिहिलेले असे. रकाना स्वतः वाईट नसतो. तो कोणाच्या हाती पडतो, यावर सगळे अवलंबून असते. एक सरकार त्याच रकान्यावरून माणसाला हक्क देते, दुसरे त्याच रकान्यावरून त्याला घळीच्या काठावर उभे करते.

दिना प्रोनिचेवा ही कीव्हच्या कठपुतळी रंगभूमीवरील नटी. आईवडिलांना सोबत म्हणून ती त्या सोमवारी निघाली. पुढे काय चालले आहे हे कळताच तिने आपण युक्रेनी असल्याचे सांगितले. नवरा रशियन असल्यामुळे आडनाव ज्यू वाटत नव्हते, आणि तिने जी कागदपत्रे दाखविली त्यांत राष्ट्रीयत्वाचा रकाना नव्हता. पोलिसाने तिला बाजूला बसविले. पण संध्याकाळी वरिष्ठाने हुकूम दिला की, पाहिलेल्या साक्षीदारांनाही सोडू नका. तिला घळीच्या काठावर नेले. गोळी लागण्याआधीच तिने खाली उडी टाकली, प्रेतांच्या ढिगात ती निपचित पडून राहिली आणि रात्री माती उपसून वर आली. जानेवारी 1946 मध्ये कीव्ह येथे जर्मन अधिकाऱ्यांवर खटला चालला. तेथे तिने साक्ष दिली. आईबाप गमावलेली ती बाई भर न्यायालयात उभी राहून बोलली, म्हणून त्या दोन दिवसांचे आतले चित्र आज जगाला माहीत आहे.

त्याच शहरात दुसऱ्या प्रकारची माणसेही होती. अलेक्सी ग्लागोलेव्ह हे धर्मगुरू. त्यांच्या पत्नी तात्याना यांनी आपला स्वतःचा पासपोर्ट एका ज्यू स्त्रीला देऊन टाकला. फोटो बदलला गेला आणि ती स्त्री वाचली. पासपोर्ट नसलेल्या बाईचे त्या काळात काय होऊ शकत होते, याची तात्यानाबाईंना पुरती कल्पना होती. तरी त्यांनी दिला! इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या कुटुंबाचा गौरव केला आहे.

आधी प्रेते जाळली, मग शब्द बदलला

बाबी यारमध्ये हत्या दोन दिवसांनी थांबली नाही. पुढची दोन वर्षे तेथे ज्यू, रोमा म्हणजे जिप्सी, सोव्हिएत युद्धकैदी, मनोरुग्णालयातील रुग्ण, युक्रेनी देशभक्त असे सर्व प्रकारचे लोक मारले गेले. एकूण आकडा सत्तर हजार ते एक लाख असा धरला जातो.

युद्धाचे पारडे फिरले तसे मारेकऱ्यांना पुराव्याची भीती वाटू लागली. ऑगस्ट 1943 मध्ये ब्लोबेल परत आला. शेजारच्या सिरेत्स छावणीतील कैद्यांच्या पायांत बेड्या घालून त्यांच्याकडून प्रेते उकरून घेतली. ज्यू कबरस्तानातील दगड आणि रेल्वेचे रूळ यांवर चिता रचल्या. काम संपले की आपणही याच चितेवर, हे कैद्यांना कळत होते. 29 सप्टेंबर 1943 च्या पहाटे, बरोबर दोन वर्षांनी, त्यांनी कुलूप उघडून धाव घेतली. बहुतेक मारले गेले. थोडेच वाचले, आणि त्या थोड्यांनी साक्षी दिल्या. म्हणून राख झाली तरी पुरावा उरला.

6 नोव्हेंबर 1943 रोजी कीव्ह मुक्त झाले. सोव्हिएत सरकारच्या चौकशी आयोगाने साक्षी घेतल्या, खड्डे मोजले, अहवाल लिहिला. डिसेंबर 1943 च्या मसुद्यात ज्यूंना एकत्र करून मारल्याचे स्पष्ट लिहिले होते. 1944 मध्ये अहवाल छापून आला तेव्हा ‘ज्यू’ हा शब्द गेला होता. त्याच्या जागी ‘हजारो शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ असे शब्द आले. मसुदा आणि छापील प्रत शेजारी ठेवून आज कोणीही हा बदल पाहू शकतो. मारताना ज्यू म्हणून मारले, आणि रडताना मात्र ज्यू म्हणून रडायचे नाही!

घळीचेही तेच झाले. 1950 नंतर वीटभट्ट्यांचा गाळ पाण्याबरोबर घळीत सोडण्यात आला. 13 मार्च 1961 रोजी बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा खालच्या कुरेनिव्का वस्तीवर कोसळला. सरकारी आकडा 145 मृतांचा होता. खरे मृत त्याहून पुष्कळ अधिक असल्याचे मानले जाते. 1966 साली, हत्याकांडाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, लोक परवानगीशिवाय तेथे जमले. इवान द्झ्युबा हे युक्रेनी समीक्षक त्या जमावापुढे बोलले. स्वतः ज्यू नसताना ज्यूंच्या दुःखाबद्दल उघड बोलणे त्या राजवटीत सोपे नव्हते. 1976 साली सरकारी स्मारक उभे राहिले. त्यावरही ज्यूंचा उल्लेख नव्हता. ज्यूंचे सात फांद्यांचे दीपस्तंभ-स्मारक उभे राहायला 1991 साल उजाडावे लागले.

दप्तरखान्यात

ज्या मेल्निकोव्हा रस्त्याने ते लोक चालत गेले, त्याच रस्त्यावर कीव्ह प्रांताचा सरकारी दप्तरखाना आहे. रस्त्याला आता युरी इल्येंको या चित्रपट दिग्दर्शकाचे नाव दिले आहे. जर्मन अमलाखालील कीव्ह नगर कारभाराची कागदपत्रे येथे आहेत. शहरातील सोलोम्यान्स्का रस्त्यावर मध्यवर्ती दप्तरखाना आहे. तेथे युक्रेनवर राज्य करणाऱ्या जर्मन प्रशासनाचे कागद मिळतात.

कागद शोधण्याची रीत सोपी आहे. ‘फोंद’ म्हणजे एका कचेरीचा सगळा संग्रह, ‘ओपिस’ म्हणजे त्यातील यादी, ‘स्प्रावा’ म्हणजे एक फाईल. हे तीन आकडे कळले की फाईल समोर येते. अवघड असते ते माणूस शोधणे. आपल्याप्रमाणेच तिकडेही नावाच्या मध्ये बापाचे नाव लिहितात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन बायका वेगळ्या ओळखता येतात. पण ज्यू नाव घरी एका तऱ्हेने, रशियनमध्ये दुसऱ्या आणि युक्रेनीत तिसऱ्या तऱ्हेने लिहिले जाई. पणजीचा शोध घेणाऱ्याने तिन्ही रूपे बरोबर न्यावी लागतात.

सोव्हिएत काळात या कागदांतील बराचसा भाग सामान्य माणसाला बंद होता. 1991 नंतर दारे उघडू लागली. अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या ज्यू-संहार संग्रहालयाने प्रती करून नेल्या. 2015 च्या कायद्याने सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या जुन्या फायलीही खुल्या झाल्या. त्यांत जर्मनांची चाकरी केलेल्या स्थानिक पोलिसांवरील खटले आहेत. हे वाचणे युक्रेनी माणसाला सुखाचे नाही. आपल्याच गावचे, आपल्याच आडनावाचे कोणी त्यात सापडू शकते. तरीही तेथील तरुण संशोधक ते वाचत आहेत, ही मोठी गोष्ट म्हटली पाहिजे.

आजच्या युक्रेनच्या भूमीवर सुमारे पंधरा लाख ज्यू मारले गेले. बहुतेकांना त्यांच्याच गावाच्या वेशीवर गोळ्या घातल्या. कागद नीट वाचला तर जुनी चूकही दुरुस्त होते. खड्ड्याच्या काठावर बसलेल्या माणसामागे पिस्तूल धरून उभा असलेला सैनिक, हे छायाचित्र वर्षानुवर्षे ‘विनित्सा’ म्हणून छापले गेले. अलीकडच्या संशोधनात एका अधिकाऱ्याच्या रोजनिशीवरून ते बेर्दिचिव्ह येथील, 28 जुलै 1941 चे असल्याचे निष्पन्न झाले.

परंतु कागदालाही मरण असते. एप्रिल 2003 मध्ये कामेनेत्स-पोदोल्स्कीच्या दप्तरखान्याला आग लागून मोठी हानी झाली. 2022 च्या युद्धात चेर्निहीव्ह येथील जुन्या गुप्त पोलिसांच्या फायली जळाल्या. खेरसोन शहर सोडताना रशियन सैन्याने तेथील दप्तरखान्यातील कागदांचा मोठा साठा उचलून नेला. गाव मारले गेले, खड्डा बुजला, साक्षीदार म्हातारे होऊन गेले, आणि उरलेली एकुलती एक यादीही गेली, तर त्या माणसांचे या जगात काय राहिले? म्हणून आज तेथील कर्मचारी वीज असेल तेव्हा पाने यंत्रावर उतरवून घेतात.

तिकडच्या फाईलमध्ये एक साधा कागद लावलेला असतो. फाईल वाचणाऱ्याने त्यावर आपले नाव व तारीख लिहायची. काही फायलींवर अनेक नावे असतात, काहींवर एखाददुसरेच. बर्लिनच्या कारकुनाने 33,771 असा आकडा लिहिला. त्या आकड्यातून एकेक नाव, बापाचे नाव, वय आणि घराचा पत्ता बाहेर काढण्याचे काम कीव्हमध्ये चालू आहे. ते संपलेले नाही. ज्यांची पाने अजून कोणी उलटली नाहीत, अशांची वाट पाहणारी कपाटे तेथे अजून आहेत.