मुसीकाठचं मराठी गाव

हैदराबाद म्हटलं की चारमिनार, बिर्याणी, फार तर गोवळकोंडा. पण मुसी नदीच्या उत्तर काठाला, कोठी आणि सुलतान बाजारच्या गल्ल्यांत, एक आख्खं मराठी गाव नांदतंय हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! साड्यांच्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत होते आणि समोर पाटी आली: विवेकवर्धिनी. शाळा, कॉलेज, सगळं. स्थापना १९०७! राज्य निजामाचं, कारभार उर्दूत, आणि केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी इथे मराठी मुलांसाठी शाळा काढली. हेच कोरटकर पुढे हैदराबादच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले.

मग मला राहवेना. हे सगळं इथेच का एकवटलं? उत्तर दोन पावलांवर उभं होतं. हा भाग म्हणजे जुना रेसिडेन्सी बाजार. जेम्स कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे भलामोठा खांबांचा महाल, म्हणजेच रेसिडेन्सी, उठवला, खैरुन्निसाशी लग्न केलं आणि तिच्यासाठी बागेत त्याच महालाची छोटी प्रतिकृती उभारली. १८५७च्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन याच रेसिडेन्सीवर चालून आले होते. भोवतालच्या बाजारात हुकूम रेसिडेंटाचा, निजामाचा नव्हे. म्हणून शहरात ज्या सभांना बंदी, त्या इथे भरायच्या. १९३३मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. पण तोवर मुळं घट्ट रुजली होती. १९०१चं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू वाचनालय इथलंच, आणि इसामिया बाजारात आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय! तेलुगू आणि मराठी वाचक एकाच पेठेत पुस्तकं जमवत होते, या विचारानेच मी हरखून गेले. १९३१चं मराठी साहित्य संमेलनही हैदराबादेत भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर.

आणि नदी! आज मुसीचं पाणी बघवत नाही, हे खरंच. पण २८ सप्टेंबर १९०८ला हीच नदी शहरात घुसली आणि हजारो माणसं घेऊन गेली. अफजलगंजात, उस्मानिया इस्पितळाच्या आवारात, एक चिंच अजून उभी आहे. त्या दिवशी तिच्या फांद्यांना धरून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं सांगतात. मी खोडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ हलले नाही. त्या पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले.

पूल ओलांडला की पलीकडे हायकोर्टाचे घुमट आणि शेजारी सिटी कॉलेज. तिथे कोण शिकत होतं? नरहर कुरुंदकर! ज्यांची पुस्तकं आम्ही कॉलेजात असताना हातोहात फिरवली, ते याच काठावर विद्यार्थी होते.

नांदेड-परभणीकडची कितीतरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या काचीगुडा स्टेशनात उतरून इथे वसत आली. तुम्हीही तिथेच उतरा. तिथून सुलतान बाजार जवळच आहे, आणि कुणाला वाट विचारायची झाली तर बेलाशक मराठीत विचारा.