मेलेल्यांची ड्युटी

झोंबी म्हटलं की आपल्या मंडळींना आधी ‘झोंबिवली’ आठवतो. आदित्य सरपोतदारांचा, २०२२च्या जानेवारीत आलेला. डोंबिवलीचं नाव जरासं वाकवलं आणि अर्धा विनोद तिथेच झाला! टॉवरवाले, वस्तीवाले आणि मधे पाण्याचा प्रश्न. मला तो आवडतो. पण दुकानात राबणाऱ्या माणसाचा झोंबीपट हवा असेल तर एडगर राइटचा २००४चा ‘शॉन ऑफ द डेड’च पाहावा.

शॉन इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात सेल्समन आहे. छातीवर नावाचा बिल्ला, खिशात गळकं लाल पेन. सुरुवातीलाच बिलं करणाऱ्या मुली आणि ट्रॉल्या ढकलणारी पोरं दिसतात. सगळ्यांचे हात एका ठेक्यात, डोळे विझलेले. अजून कुणी मेलेलंसुद्धा नसतं. त्यामुळे पुढे एका सकाळी खरे झोंबी रस्त्यावर फिरतात तेव्हा शॉनला फरकच कळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान घेऊन तो निवांत घरी येतो.

हा सिनेमा मी मावशीबरोबर पाहिला. जुन्या हुबळीतून ती रोज बसने एका कपड्यांच्या शोरूमला जाते. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, मी मधे मधे सांगत होते. रक्ताच्या चिळकांड्यांना ती खदखदून हसली, बिल्ल्याला मात्र हसली नाही. “ह्यांना तरी बसू देतात का गं?” एवढंच विचारलं.

तिच्याकडे दहा तास उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी. स्टूल आहे, पण वरच्या कप्प्यातला माल काढायला. जुन्या पद्धतीच्या साडीच्या दुकानात निदान गादी असते. दाखवणारा बसतो, घेणाराही बसतो. शोरूममध्ये सगळं चकचकीत, फक्त टेकायला जागा नाही. केरळने २०१८मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. कोळिकोडमधल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी ती मागणी कित्येक वर्षं लावून धरली होती. तमिळनाडूनेही २०२१मध्ये तेच केलं. बसण्यासाठी कायदा लागतो, हे मला कुठल्याही झोंबीपेक्षा भयंकर वाटलं.

रविवार गर्दीचा, म्हणून मावशीची मिस्सा चुकते. मागच्या वर्षी आगमनकाळातले चारही रविवार ‘सेल’मध्ये गेले. लाजरस चार दिवस मेलेला होता, तरी येशूने त्याला नाव घेऊन हाक मारली. आणि अंगाला गुंडाळलेलं कापड सोडायचं काम भोवतालच्या माणसांना सांगितलं. मावशीच्या बिल्ल्यावर नाव ठळक आहे. हाक येते ती “ए अक्का, साइज दाखव.”

सिनेमाच्या शेवटी उरलेल्या झोंबींना ट्रॉल्या गोळा करायच्या कामाला लावतात. पगार नाही, तक्रार नाही. तो भाग मावशीने पाहिलाच नाही. कोमट मिठाच्या पाण्यात पाय सोडून, खुर्चीतच तिला झोप लागली होती.