खोक्यांची सोयरीक

वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्याची अवस्था लग्नातल्या आचाऱ्यासारखी असते. जेवण चांगले झाले तर लोक यजमानाचे कौतुक करतात. आमटी खारट झाली की मात्र आचाऱ्याला हुडकत येतात. गेली तीन वर्षे मी कॉलेजच्या वाद्यवृंदात हे वाद्य वाजवतो आहे. "आज बेस काय सुरेख होता!" असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि त्याचे दुःखही नाही. दुःख होते ते निराळेच. मी काय वाजवतो ते खुद्द मलाच ऐकू येत नसे. पाठीमागे ड्रम, बाजूला सिंथेसायझर, समोर गाणारी मुले. ऐकू येत नाही म्हणून मी तारा जोराने ओढायचो, आणि कार्यक्रम संपला की उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आलेले असायचे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हे वाद्य सोडून द्यावे असे मी जवळजवळ ठरवले होते.

साध्या गिटारला लाकडी पोट असते. आपल्या तंबोऱ्याला भोपळा असतो, आणि मिरजेचे कारागीर पंढरपूरकडचे भोपळे किती पारखून घेतात हे आपल्या भागात सांगायला नको. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला तेव्हा त्याने पोट काढूनच टाकले. उरली एक भरीव फळी, चार तारा आणि एक चुंबक. म्हणजे या वाद्याचे पोट बाहेर, वायरच्या दुसऱ्या टोकाला, खोक्यात बसलेले असते. गिटार निवडताना माणसे महिना महिना घालवतात आणि स्पीकरचे खोके मात्र मिळेल ते उचलतात, हे मला भोपळा न बघता तंबोरा घेण्यासारखे वाटते.

आमच्याकडे एक ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर होता, ४ ओहमवर ३०० वॅटचा. त्याला जोडलेले एकच खोके : दहा इंची चार स्पीकर, एकूण ८ ओहम. सभागृहातला मोठा साउंड गायकांसाठीच पुरत नाही, तेव्हा बेसचा सगळा भार या खोक्यावर. दुसरे खोके घ्यायचे ठरले. जिमखान्याने थोडे पैसे दिले, उरलेली वर्गणी आम्ही वर्गावर्गांतून गोळा केली. वर्गणीचा पैसा हातात आला की माणूस एकदम जबाबदार होतो.

दुकानदार म्हणाला, "चार दहांच्या खाली एक पंधरा इंची ठेवा. दहा इंची वरचे स्वर देतो, पंधरा इंची खालचे." आमचा ड्रमवाला मित्र कन्नड विभागातला आणि स्वभावाने भव्यतेचा भोक्ता. त्याला हे तत्काळ पटले. हा समज जगभर आहे आणि तो पुरता खोटा आहे असेही नाही. पण स्पीकर किती खाली उतरेल हे त्याच्या व्यासापेक्षा खोक्याचे घनफळ, त्याला ठेवलेले भोक आणि स्पीकरची स्वतःची घडण यांवर जास्त ठरते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ साली आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल याने याचे गणित बसवून दिले. तेव्हापासून खोक्याची पत्रिका कागदावर मांडता येते. ती न बघता केवळ रुंद छातीवर सोयरीक करायची, ही आपली जुनी खोड.

आमच्या फिजिक्सच्या सरांनी मग खडू घेतला. ८ ओहमची दोन खोकी समांतर जोडली की होतात ४ ओहम. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरची तीच खालची मर्यादा. पण दुकानातले ते पंधरा इंची खोके होते ४ ओहमचे. आठ आणि चार समांतर म्हणजे सुमारे २.७. प्रवाह वाढणार, अ‍ॅम्प्लिफायर तापणार आणि ऐन गाण्यात स्वतःला बंद करून घेणार, किंवा तेवढी सोय आत नसेल तर जळणार. शिवाय ४ ओहमचे खोके ८ च्या दुप्पट शक्ती ओढून घेते. पंगतीत एकाच्या पानात दोन लाडू आणि चौघांत मिळून एक, असा प्रकार.

"मग पंधरा इंचीसुद्धा आठचंच बघू की," मित्र म्हणाला.

सर म्हणाले, बघा. तीनशेतले दीडशे वॅट एका खोक्याला, दीडशे दुसऱ्याला. दहा इंची चौघांच्या वाट्याला साडेसदतीस साडेसदतीस. पंधरा इंचीवर एकट्यावर दीडशे. नावाच्या मापाने क्षेत्रफळ काढले तर चार दहांचे होते ३१४ चौरस इंच आणि एका पंधराचे १७७. जवळपास निम्म्या पडद्याने तेवढीच हवा ढकलायची तर त्या पडद्याला पुढेमागे कितीतरी जास्त धावावे लागणार. स्पीकरच्या पाठीवर छापलेले वॅट हे त्याची तार किती उष्णता सोसेल याचे असतात. खालच्या स्वरांत तार जळण्याच्या कितीतरी आधी पडद्याची धाव संपते. शेजारच्या एका वाद्यवृंदाचा पंधरा इंची असाच अर्ध्या गाण्यात खरखर करून गप्प झालेला मी पाहिला आहे. चार दहा इंची मात्र शेवटपर्यंत खुशाल वाजत होते.

पंधरा इंचीवर माझा राग नाही. १९६० साली निघालेल्या अ‍ॅम्पेगच्या बी-१५ मध्ये एकच पंधरा इंची होता आणि त्यावर डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनसारखा माणूस वाजवत असे. एकटा तो चांगलाच. पण त्याच कंपनीला १९६९ साली मोठ्या मैदानांसाठी ३०० वॅटचा एसव्हीटी काढायचा झाला तेव्हा त्यांनी खोक्यात दहा इंचीच आठ घातले, सगळे सारखे, बंद पेटीत. मापांची खिचडी केली नाही.

आणि मुळात किती खाली जायचे? बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्जदेखील ६९ च्या आसपास असतो. ४१ कंपनांची लाट आठ मीटरांहून लांब, म्हणजे आमच्या रंगमंचाच्या खोलीपेक्षा मोठी. बहुतेक खोकी तो मूळ स्वर क्षीणच देतात. कान ८२ आणि १२३ ऐकतो आणि उरलेले मनाने भरून घेतो. तेव्हा ४१ च्या मागे धावण्यापेक्षा हे मधले स्वर स्वच्छ येणे महत्त्वाचे. आवाज केवळ मोठा हवा असता तर आमच्या मिरवणुकीतली डॉल्बी काय वाईट होती? (खोक्यांच्या भिंतीला आपण डॉल्बी म्हणतो. १९६५ साली निघालेली ती कंपनी आधी प्रसिद्धीस आली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी!)

तात्पर्य, आमच्या खोक्याचेच जुळे शोधायचे ठरले. आता नियोडायमियम चुंबकांची हलकी खोकी मिळतात, पण वर्गणी तेवढी जड नव्हती. शेवटी मडगावच्या एका वयस्क वादकाकडे, त्याच बनावटीचे, जुने, ८ ओहमचे खोके मिळाले. आम्ही इकडचे तिकडचे आकडे सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, "पुता, जोडी सारकी जाय." एवढेच. सरांचा अख्खा फळा त्यांच्या तीन शब्दांत होता. चोर्ला घाटातून टेम्पोत खोके आणले.

जोडले, आणि आवाज कमी झाला!

खरेच कमी. दोन खोक्यांतून एका खोक्याइतकाही बेस येईना. नुसता टकटक आवाज, पोट नाहीच. वर्गणी दिलेली चार मुले दारात उभी होती. मित्राने माझ्याकडे असे पाहिले की वधूपक्षाने फसवल्याची खात्रीच पटावी. सर मात्र हसले आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून त्यांनी खोक्याच्या वायरीला क्षणभर टेकवला. जुन्या खोक्याचे पडदे टिचकी मारल्यासारखे बाहेर आले. नव्याला टेकवला. मित्र वाकून बघत होता, तो ओरडला, "ओळग होंटैती!" आत चालले होते. पूर्वी कुणीतरी दुरुस्ती करताना आतल्या दोन वायरी उलट डागल्या होत्या. एक खोके हवा ढकलत होते तेव्हा दुसरे ती ओढून घेत होते, आणि खालचे स्वर एकमेकांना खात होते. स्क्रू काढले, वायरी अदलाबदल केल्या. पंधरा मिनिटांचे काम.

खोकी शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक ठेवली. शेजारी ठेवली की बाजूला बसलेल्यांना काही स्वर येतात, काही गळतात. उभी ठेवली की हा दोष कमी होतो, आणि मुख्य म्हणजे वरचे स्पीकर वादकाच्या कानाच्या उंचीला येतात. इतके दिवस माझे खोके माझ्या पोटऱ्यांसाठी वाजत होते.

त्या संध्याकाळी तालमीत मी नेहमीचेच गाणे वाजवले. स्वर कुठे सुरू होतो ते कळत होते. त्याहून नवल म्हणजे कुठे संपतो तेही कळत होते. ड्रमच्या पायाचा ठोका आणि माझी तार एकत्र पडली की मित्र मान वर करून बघायचा. त्यालाही मी प्रथमच ऐकू येत होतो. अ‍ॅम्प्लिफायरचा कान पूर्वीपेक्षा खालीच पिळलेला होता. बोटांना फोड आले नाहीत.

या जूनमध्ये मी कॉलेज सोडतो आहे. खोक्यांच्या मागे एक कागद डकवून ठेवला आहे : अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतच, तिसरे खोके जोडू नये, गिटारची बारीक वायर स्पीकरला लावू नये, जाड दुहेरी वायरच वापरावी, सेल लावून पडदे बाहेर येतात का ते वर्षातून एकदा पाहावे. पुढचा वाजवणारा कुठल्या विभागातला निघेल सांगता येत नाही, म्हणून कागद दोन्ही भाषांत आहे. कन्नड मजकूर मित्राने लिहिला. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे.