कान्हेरीची दगडी बाकं

बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरलं की कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर नुसतं जंगल. पाऊस नुकताच सरला होता, ओढे अजून वाहत होते. पायऱ्या चढून आलेली मंडळी 3 क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात, आणि वळायलाच हवं. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळचा, दुसऱ्या शतकातला शिलालेख तिथे आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. मला ओढ होती ती 11 क्रमांकाच्या लेण्याची.

याला दरबार म्हणतात. लांबट दालन, मागे गाभाऱ्यात बुद्ध, आणि मधोमध त्याच कातळातून काढलेली दोन बुटकी, लांबलचक बाकं. वेरूळच्या 5 क्रमांकाच्या लेण्यात अशीच जोडी आहे. भिक्षू इथे पाठ म्हणत, जेवत की पोथ्या मांडत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इथल्या एका लेखात, शके 775 म्हणजे इ.स. 853 मध्ये, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात, पडझडीच्या दुरुस्तीसाठी आणि ग्रंथखरेदीसाठी ठेवलेल्या निधीची नोंद आहे. त्यामुळे माझं मन पोथ्यांच्या बाजूने झुकतं.

या बाकांवरून मला इंग्लंडमधल्या रिपन कॅथीड्रलची आसनं आठवली. त्यांची छायाचित्रं मी पुन्हापुन्हा पाहिली आहेत. 1489 ते 1494 या काळात ती ओकच्या लाकडात कोरली गेली. प्रार्थना उभ्यानेच म्हणायची, म्हणून दुमडलेल्या बैठकीखाली टेकण्यापुरती एक छोटी फळी, आणि त्या फळीखाली सुताराने काढलेला, पक्ष्यांना प्रवचन देणारा कोल्हा! थकलेल्या शरीराची ही दखल मला कळसांपेक्षा मोलाची वाटते.

कान्हेरीच्या बाकांवर नक्षी नाही. सगळं कोरीवकाम भिंतींवर. पण शरीराची दखल इथेही आहे. वरच्या छोट्या लेण्यांकडे चढलो, तर दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, आणि शेजारी दगडी बैठक, असं ठिकठिकाणी दिसत गेलं. इथल्या दानलेखांत लेणं आणि पोढी यांच्या बरोबरीने आसनंही मोजली आहेत: कुणा व्यापाऱ्याने पैसे मोजून भिक्षूंसाठी बसायची जागा करून दिली. माहितीच्या फलकांवर मूर्तींना जागा मिळते, या बैठकींनाही मिळायला हवी. एकीवर मी बराच वेळ बसलो. कातळ उन्हाने तापलेला होता, समोर दरीपलीकडे दुसऱ्या लेण्यांची ओळ होती, आणि तिथेही दारादारांत बैठका दिसत होत्या.